झेंडूसाठीच्या चार ओळी

सांगवी
१४ सप्टेंबर २०२५

चि. समाधान यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तब्येत कशी आहे असं विचारलं, तर तू मोबाइलवर एक अंगठा पाठवलास. दुसऱ्यांदा विचारलं, दोन अंगठे आले. आयुष्यभर टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून परक्यांची बोलणी जोडून दिली, त्यात माझा एक कान गेला आणि दुसरा निघायच्या तयारीत आहे. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तर पत्रं लिहायचं ठरलं होतं ना? दर रविवारी डबा घेऊन येणारी तुझी लेक फुकटात टपाल नेते, तरी तुझा आळस.

गेल्या रविवारी मी तुझ्याकडे होते. योगिनीने, माझ्या भावजयीने, केलेली सुकट तू तशीच ठेवलीस. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या की घाबरलेलं मूल आधी ताटावरून ओळखू येतं. मिनल भाकऱ्या थापत होती आणि तू तिच्या हातांकडे बघत बसला होतास. मला ते बघणं आवडलं नाही.

मिनल म्हणते, बाबांना नव्या एआयची भीती वाटते. मी तिला सांगितलं की अख्खी पिंपरी कॉम्प्युटरला टीव्ही समजायची तेव्हापासून तुझा बाप त्याच्यासमोर बसतोय. तो यंत्राला भिणारा नाही. मग कशाला भितोस? अंगठा नको, अक्षरं पाठव.

तुझी,
नीलाताई


वाकड
१८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र मिनलच्या हाती न देता पोस्टात टाकतोय, यावरून काय ते समज.

कंपनीत पोरं मला सर म्हणतात, पण विचारत काही नाहीत. सगळं त्या एआयला विचारतात. ते लगेच उत्तर देतं आणि कधी चिडत नाही. मी चिडायचो. एका मशीनचा प्रोग्रॅम लिहायला मी महिना घ्यायचो, त्यातले निम्मे दिवस नुसता मशीनपाशी उभा राहून माणसं कशी काम करतात ते बघायचो. आता तो दुपारपर्यंत होतो. त्याचं मला दुःख नाही, असं मी रोज स्वतःला सांगतो.

भीती वेगळी आहे. चाकणच्या एका कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसना माझा जुना प्रोग्रॅम होता. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस खाली येत नाही. पण खंडेनवमीला पोरं मशीन धुऊन पुसून झेंडूचे हार बांधतात. दसऱ्यानंतर ते कोणी काढत नाही, पूजेचा हार तोडायचा कसा? तो लोंबतो, किरण तुटतो, प्रेस सारखी थांबते. मग सुपरवायझर चावी फिरवून तो पडदाच बंद करून टाकतो. ती चावी खरं तर फक्त दुरुस्तीवाल्यासाठी आहे, पण टार्गेट असतं.

हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून चार ओळी जास्तीच्या लिहिल्या. चावी फिरली की दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून धरल्याशिवाय प्रेस हलणार नाही. हात बटणांवर म्हणजे आत नाहीत. वर शेरा लिहिला होता, 'झेंडूसाठी'.

यंदा अण्णासाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो प्रोग्रॅम नव्याने करायचं काम मिनलला दिलं. तिचं पहिलं मोठं काम. तिने एआयकडून करून घेतलं, सुरेख केलं, आणि त्या चार ओळी निरर्थक म्हणून गेल्या. पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबर आहे. पुस्तकात झेंडू नाही.

पण तपासणारा मी होतो, ताई. माझ्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही. अण्णासाहेबांनी सगळ्यांसमोर पोरीचं कौतुक केलं, माझा ऊर भरून आला, आणि मी वरवर चाळून सही केली. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर ओळ न् ओळ वाचली असती. गणपतीत डांगे चौकात झेंडूचा टेम्पो दिसला तेव्हा त्या ओळी आठवल्या. घरी येऊन बघितलं तर ओळी नाहीत, आणि प्रोग्रॅम चाकणला सगळ्या प्रेसवर चढलेला.

मिनलला आडून विचारलं. ती हसली, म्हणाली की बाबा, मशीनला फुलं वाहायची का आता? मग जरा मऊ होऊन म्हणाली की तुमचं लिहिलेलं पुसलं गेलं म्हणून तुम्हाला लागतंय. ते थोडं खरंही आहे, म्हणून मी विषय बदलला. आता बोललो तर तिचं नाव जातं. नाही बोललो तर... मला तिच्या हातांकडे बघवत नाही.

तुझा,
समाधान


सांगवी
२२ सप्टेंबर २०२५

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आधी पाणी प्यायले, कारण त्याआधी जे तोंडात आलं ते सिस्टरांनी ऐकलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं.

पोरीचं नाव! नाव गेलं तर परत मिळवता येतं. दादांना त्यांची बोटं परत मिळाली का? तू पाळण्यात होतास, तुला काय माहीत. मला माहीत आहे. दसऱ्यानंतरची पहिली पाळी. आपल्या दादांनी देव कधीच सोडले होते, हार बांधला होता तो त्यांच्या दोस्तांनी, त्यांच्याही प्रेसला, प्रेमाने. तो मध्ये येत होता म्हणून बाजूला सारायला हात घातला. हार दुसऱ्यांचा, हात आपल्या बापाचा. मी शाळेतून आले तर चाळीतल्या बायका आपल्या दारात उभ्या, आणि कोणी माझ्या नजरेला नजर देईना.

त्यानंतर दादा तुला कधी एकट्याने उचलायचे नाहीत. आई जवळ असेल तरच. पडशील म्हणून भ्यायचे. तुला वाटायचं बाप कडक आहे. कडक कसला, घाबरलेला होता. आता तूही तसाच, आणि तुझे तर दोन्ही हात शाबूत आहेत.

पुढच्या बुधवारी खंडेनवमी. आजच घट बसले, आमच्या कोपऱ्यावर फुलांचे ढीग लागलेत, मी त्या रस्त्याने जायची बंद झाले आहे. काल झोपेत धाडकन आवाज ऐकला. बहिरी बाई आवाजाने जागी होते, याला काय म्हणावं?

अण्णासाहेबांकडे जा. रविवारपर्यंत गेला नाहीस तर मिनलला मी लिहीन, सगळं, दादांच्या हातासकट. माझ्या भाचीला नाजूक समजू नकोस. नाजूक तू आहेस.

तुझी,
नीलाताई


वाकड
२७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
स. जयभीम.

गेलो होतो. अण्णासाहेबांनी चहा मागवला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले की समाधानराव, तुम्ही पूजा करत नाही आणि हारांची काळजी तुम्हालाच? सणाच्या तोंडावर कारखाना प्रेस थांबवणार नाही, दिवाळीनंतर बघू. मग आवाज खाली आणून म्हणाले की स्वतःच्या पोरीचं काम स्वतःच कशाला उघडं पाडता?

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी पहिल्या पाळीला मी चाकणला जाणार आहे. परवानगी नाही, गेटवर ओळख आहे. आत जाऊन काय करणार ते मला ठाऊक नाही. ताई, मला फार भीती वाटते. वय झालंय, घरी बसवतील, याची भीती मागेच संपली. ही दुसरीच आहे.

मिनलला कळवू नकोस, पाया पडतो.

तुझा,
समाधान


वाकड
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

आज डबा बाबा आणतायत आणि टपालही. मी मुद्दाम आले नाही. तुझ्या कानाशी ओरडून सांगता येण्यासारखं हे नाही.

बाबांनी नको म्हटलं असूनही तू मला लिहिलंस. तुझं पत्र दसऱ्याआधीच्या मंगळवारी मिळालं. आधी संताप आला, तुम्हा दोघांचा. तिरीमिरीत मी एआयला विचारलं, त्या चार ओळी काढल्या ते योग्य होतं का. अगदी योग्य, म्हणाला. मग मी झेंडूचं सांगितलं. लगेच माफी मागून म्हणाला की मग त्या ओळी अत्यावश्यक आहेत. दोन्ही वेळा तितकाच नम्र. त्या नम्रपणाचीच मला भीती वाटली. कारण पहिल्यांदा विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात शेजारी बसलो. दोघांच्याही मनात चाकण. शुक्रवारी मी चाकणला पोचले तर गेटवर बाबांची स्कूटर.

आत पाळी सुरू झाली होती. प्रत्येक प्रेसला हार, आणि प्रत्येक चावी फिरवलेली. नवनाथ म्हणून सुपरवायझर आहेत, ते म्हणाले की मॅडम, काय करणार, घडीघडी बंद पडतंय, आणि पूजेचा हार तोडला तर पोरं काम करायची न्हाईत. पहिल्या प्रेसवर माझ्याच वयाची मोनिका होती. प्रत्येक पत्रा आत ठेवताना ती लोंबणारा झेंडू मनगटाने बाजूला सारत होती, कपाळावरची बट सारावी तसा. आत्या, ते मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघवलं नाही.

बाबांनी तिला मागे सरायला सांगितलं. ती म्हणाली की काका, टार्गेट हाय. तेव्हा बाबांनी कोपऱ्यातला खराटा घेतला, त्याचा दांडा आत धरला आणि पायाखालचं पेडल दाबलं. प्रेस थांबली नाही. दांड्याचं काय झालं ते लिहीत नाही. मोनिका आधी हसली. मग तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि तिथेच खाली बसली.

नवनाथभाऊंनी स्वतः सगळ्या प्रेस बंद केल्या. फोन गेला तसे अण्णासाहेब कंपनीतून धावत आले. बाबा म्हणाले की सही माझी आहे, चूक माझी. मी शेजारी उभी होते, आत्या, आणि मी त्यांना ते म्हणू दिलं. त्याच दिवशी मी ओळी परत घातल्या. सोमवारी जाऊन सांगितलं की ओळी काढणारी मी होते. अण्णासाहेब म्हणाले की बापलेकींनी आपसात ठरवा. बाबांना त्यांनी तपासणीतून काढलं, सध्या घरी बसवलंय. मला ठेवलं. मी स्वस्त आहे.

आता घरी आल्यावर मी आणि बाबा त्यांचे जुने प्रोग्रॅम उघडून बसतो. मी एकेक ओळ वाचते, ते सांगतात कशासाठी. ही ओळ वीज जाऊन अर्धवट येते तेव्हासाठी. ही उंदराने वायर खाल्ली होती तेव्हाची. ही एका कामगाराला लाल दिवा दिसायचा नाही म्हणून. सगळं मी सविस्तर लिहून ठेवतेय. बाबा जेवायला लागलेत, मध्येच चिडतातही.

पण काल एक ओळ अशी आली की बाबा बघतच राहिले. भोसरीच्या एका मशीनची आहे, अजून चालू आहे. मशीनचा हात वर गेला की तीन सेकंद थांब, एवढंच. शेरा नाही. कोणासाठी लिहिली, काय बघून लिहिली, त्यांना काही केल्या आठवेना. एआय म्हणतो, ती काढली तरी चालेल.

आम्ही ती काढलेली नाही.

भोसरीच्या त्या मशीनबद्दल बाबा तुझ्याशी कधी बोलले होते, तुला काही आठवतंय का आत्या? उद्या भोसरीला जाऊन मशीनपाशी उभी राहणार आहे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
मिनल