नाना, साडेपाचला नक्की काय बघायचात?

प्रिय नाना,

काल भिकन केबलवाला आला होता, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, घरात आता आई आणि मी दोघीच. इतके दिवस तो तोंड चुकवून जात होता. मला तेव्हाच वाटलं, ह्याच्या पोटात काहीतरी आहे!

दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तुम्ही धुतलेला सदरा चढवायचात आणि म्हणायचात, "रेस शे आज." रेस म्हटलं की मला घोडे दिसायचे, आणि घोडे म्हणजे सट्टा. एकदा तुमचा खिसा चाचपला. भिकनच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली, नुसते आकडे. मटक्याचेच, दुसरं काय! रेसची तारीख आणि साडेपाचची वेळ असेल, हे डोक्यात आलंच नाही.

"घरी टीव्ही आहे ना? इथेच बघा," मी म्हणाले.

"आपल्या अँटेनाला ती येत नाही, कुसुम. भिकनच्या गच्चीवर डिशची छत्री आहे. परदेशातली गाड्यांची रेस पकडते."

पण नाना, इंग्रजीचं अक्षर कळत नसताना दोन-दोन तास तुम्ही काय बघायचात? डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला गोल-गोल फिरणाऱ्या गाड्यांचं एवढं काय?

शेवटी एका रविवारी मी मागोमाग आले. दोंडाईचा स्टेशनच्या पलीकडे, भिकनच्या खोलीच्या दारात उभी राहिले. पडद्यावर गाड्या सूं-सूं पळत होत्या, आणि तुम्ही भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेले. पडद्याकडे बघतही नव्हतात! माझा संशय पक्का झाला.

"नाना, खरं सांगा, पैसे कोणाकडे लावता?" चारचौघांत विचारलं मी.

तुम्ही उठलात. पायानेच चपला शोधल्यात. घरापर्यंत माझा खांदा धरून चाललात. मला वाटलं, रागाने धरलाय. त्यानंतर तुम्ही तिकडे गेलाच नाहीत.

काल भिकन म्हणाला, "ताई, नानास्ले दिसे नही. त्या आवाज आयकेत. कोन्ती गाडी गिअर चुकनी, बठ्ठं सांगेत."

"दिसत नव्हतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घालेल व्हती त्यास्नी. गावले समजनं तर इंजिन कोन आनी?"

दुरुस्तीला कोणी इंजिन आणणार नाही म्हणून दोन वर्षं लपवलंत, नाना! धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं असतं तर? मी खिसे तपासले, पण तुमच्या डोळ्यांत एकदा तरी नीट बघितलं का? आणि तुम्ही? पोटच्या पोरीवर एवढाही भरवसा नव्हता?

मग मला आईचा संशय आला. भाजीची वाटी ती नेहमी तुमच्या उजव्या हाताशीच का ठेवायची? आणि भिकनची चिठ्ठी तुम्हाला कोण वाचून दाखवायचं? आज सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "घरी येऊन मला सगळे आवाज काढून दाखवायचे ते. मी विचारायची, गाड्यांचे रंग कोणते? ते मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही. तेव्हाच कळलं मला."

येत्या रविवारी रेस आहे, भिकनला विचारलंय. मी आईला घेऊन जाणार आहे. तिला अगदी पुढे बसवीन, आणि ती तुम्हाला गाड्यांचे रंग सांगेल तेव्हा मध्ये एक शब्द बोलणार नाही. वचन देते.

तुमची,
कुसुम