विळीवर कापलेली कादंबरी

सोम. ५ जाने.

माझी विळी कुठं आहे ते या घरात कुणी सांगायला तयार नाही. मंजिरीने लपवली आहे. सून तोंडावर काही बोलत नाही, वस्तू हलवते. शेपू सकाळपासून तसाच पडलाय. कारण काय, तर काल मी पुस्तक चिरलं.

हो, चिरलं. सोसायटीच्या वाचन मंडळाने ऐतिहासिक कादंबरी आणली. एवढी जाड की नात तन्वी तिला वीटच म्हणते. मी आडवी पडून वाचते, वीट पोटावर ठेवली की दम लागतो. शेजारच्या सरोजचं मनगट दुखतं. मग दोघींनी ठरवलं आणि मी विळीवर बसून चार भाग केले, कलिंगडाचे करतात तसे. सरोजने दुसऱ्या बाजूने घट्ट धरलं होतं. तिची विळी कुणी लपवली नाही.

मं. (नाव लांब आहे, पुढे एवढंच लिहीन) म्हणाली, "आई, पुस्तक होतं हो ते!"

म्हटलं, अजून आहे. एकाची चार झाली.

डायरी तन्वीच्या हिंजवडीच्या ऑफिसने तिला दिलेली. तिला लिहायला वेळ नाही. मी चौथीपर्यंत शिकले, ते तरी कशाला वाया घालवू.

गुरु. ८ जाने.

विळी सापडली. वॉशिंग मशीनच्या मागे. मेथी चिरली.

कणकेची खळ करून चारही भागांच्या पाठी चिकटवल्या. मागच्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलंच होतं, त्याची पानं कव्हर म्हणून घातली. हाताला आलं ते पान. एक भाग जानेवारी, एक मार्च, एक ऑगस्ट, एक डिसेंबर. दूधवाला आला नाही त्या दिवसांच्या फुल्यासुद्धा बाहेरून दिसतात. चारही गॅलरीत वाळत टाकले.

मंडळाचे सर जिन्याने चालले होते. कॉलेजात शिकवायचे. थांबून म्हणाले, "हे काय वाळत घातलंय?"

"कादंबरी."

सर कठडा धरून हळू उतरले.

पहिल्यांदा जानेवारी मी घेतला. सरोज म्हणाली, "झाला की दे. आणि इंदू, पानं दुमडू नकोस." पोस्टात नोकरी झाली, अजून सगळ्या जगाची पार्सलं हिच्याच ताब्यात.

बुध. १४ जाने.

संक्रांत. सरोजकडे करत नाहीत, त्यांचं सगळं बुद्धविहारात. पण तिळाचे लाडू माझेच लागतात, आणि कडक झालेत हे सांगायलाही तीच लागते. चार वाजता चहाला आली, रोजच्यासारखी. लाडू खाल्ला. म्हणाली, "दात पाडायचा विचार आहे का?" आणखी दोन माझ्या डब्यात घालून घेऊन गेली.

जानेवारी आणि ऑगस्ट तिच्याकडे गेले. मी मार्च धरलाय. सातशे वर्षांपूर्वीचा गड, हेमलदेवी नावाची राणी, बाहेर शत्रूचा वेढा, पाण्याची टाकी आटत आलेली. आणि राणीचा दीर अंबदेव. पांढरी दाढी, कमी बोलणारा. स्वतःच्या वाट्याचं पाणी गडावर पाणी भरणाऱ्या बाईला देऊन टाकतो. तिनेच वर आणलेलं, आणि तिलाच कुणी देत नव्हतं.

दीर असावा तर असा. आमचे दीर अंथरुणावरून पाणी मागायचे.

शनि. २४ जाने.

मंडळाची सभा, सोसायटीच्या हॉलमध्ये. अजून निम्म्यांचं वाचून झालेलं नाही, पण मत प्रत्येकाचं तयार. तळमजल्यावरची म्हणाली, शालू-शेल्यांचं वर्णन फारच सुंदर. मं. म्हणाली, राणी खूप सोसते. सर म्हणाले, कालखंडाचा पट विशाल आहे. सरांच्या प्रतीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, मी बघितलं.

सरोज उठली. "एवढा मोठा गड. दगड कुणी वाहिले? पाणी कुणी भरलं? त्यांची नावं कुठं आहेत यात? राजाच्या घोड्याला नाव आहे."

सर म्हणाले, "तो या कादंबरीचा विषय नाही, ताई."

"मग घोडा कसा काय विषय झाला?"

मी टाळी वाजवली. माझ्या एकटीचीच वाजली, पण वाजवली.

इथेच सभा संपायला हवी होती. मी म्हटलं, अख्ख्या पुस्तकात अंबदेव तेवढा एक माणूस आहे.

सरोज म्हणाली, "अंबदेव? सख्ख्या भावाला धान्याच्या पेवात कोंडून गादी घेतली त्याने! तो माणूस?"

"काहीतरीच काय. म्हातारा बिचारा तहानेने मरतोय."

"कुठला म्हातारा? तू वाचतेस की नुसती पोटावर ठेवतेस?"

सगळे हसले. मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, "जन्मभर पाकिटांवर शिक्के मारलेस. आत काय आहे ते तुला कधी कळलं?"

ती म्हणाली, "आणि तू चौथी पास. निकाल मात्र हायकोर्टाचे."

कुणी हसलं नाही. ती चपला घालून गेली. सर म्हणाले, दोन्ही मतं ग्राह्य आहेत. यांना काय जातंय.

रवि. २५ जाने.

चार वाजता कुणी आलं नाही. दोन कप आधण ठेवलं होतं, दोन्ही मीच प्यायले.

तन्वीने मोबाइलवर बाकीच्या वाचकांची मतं वाचून दाखवली. तारे देतात. एकाने पाच दिले, पुस्तक उघडलं नाही पण कपाटात शोभतं. एकीने एक दिला, कुरियरवाला उद्धट होता. एकाने लिहिलंय, आजोबांच्या आठवणीने रडलो. आजोबा काय गडावर होते?

"आजी, तू किती देशील?"

म्हटलं, आधी संपू दे. शेवट मला सांगायचा नाही, ताकीद आहे.

मार्च संपला. शेवटी अंबदेव चोरदरवाज्यापाशी उभा, किल्ली हातात, बाहेर शत्रू. दार उघडणार की नाही, माहीत नाही. पण त्याआधी तो त्या पाणी भरणाऱ्या बाईला विचारतो, "बाई, तुझं नाव काय?" आणि ती सांगते.

सांगते की! नाव आहे तिचं!

उठून सरोजचं दार वाजवणार होते. चपलेत पाय घातला. काढला.

गुरु. २९ जाने.

मं. ऑगस्ट घेऊन आली. "सरोजमावशींनी दिला. त्यांनी पुढचा डिसेंबर घेतला." म्हटलं, आणि मार्च? तर म्हणे, "तो तुमच्याकडे आहे ना, त्या नको म्हणाल्या." नको तर नको.

ऑगस्ट वाचायला घेतला. अंबदेवाची दाढी काळी झाली आहे. वेढ्यात पाणी नाही आणि याला कलप कुठून मिळाला?

पुढे वाचलं. राणी परत नवी नवरी. मेलेला राजा जिवंत. मला वाटलं लेखकाचा तोल गेला. दुपारभर त्याला नावं ठेवली. मग चष्मा पुसून खाली पानांचे आकडे बघितले. ऑगस्ट मार्चच्या आधीचा आहे.

कॅलेंडर मीच लावलं होतं. लावलं तर लावलं. लेखकाने तरी एवढं जाड कशाला लिहावं.

शुक्र. ३० जाने.

ऑगस्टमध्ये अंब्या भावाला पेवात कोंडतो. वर दगड सरकवतो. भाऊ आतून हाका मारतो आणि हा वर बसून जेवतो. सरोजचं खरं आहे. नीच आहे.

पण मला तो आधी म्हातारा भेटला. आता कोंडताना बघितला तरी डोळ्यांपुढे पाण्याचं भांडं येतं. शिव्या दिल्या, पण तोंड भरून देता येईनात. सरोजला नुसता कोंडणारा भेटलाय, पाणी देणारा भेटलाच नाही. आणि ती बाईही नाही.

हे तिला कोण सांगणार? मी नाही. ती पोटावर ठेवण्याचं बोलली होती.

मंगळ. ३ फेब्रु.

मं.कडून कळलं, सरोज रविवारी हिंजवडीला लेकाकडे राहायला चालली. कायमची. गुडघे, जिना, लेकाचा हट्ट. लिफ्टची इमारत आहे म्हणे.

हिंजवडी. बिबवेवाडीहून तिथं जाईपर्यंत माणूस घरून काय सांगायला निघालं होतं ते विसरतं.

मला तिने सांगितलं नाही. मीही विचारायला गेले नाही. भिंत एकच आहे. खोकी ओढल्याचा आवाज येतो.

शनि. ७ फेब्रु.

लाडवाचा डबा परत आला. तिने नातवाच्या हाती पाठवला, स्वतः दारापर्यंतसुद्धा नाही. रिकामा नाही हां, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. आत जवसाची चटणी. तिच्या माहेरची, नागपूरकडची. भांडण असून तिखट बेताचं घातलंय, माझ्या पोटाला सोसेल एवढंच.

आता डबा माझ्याकडे, म्हणजे पाळी माझी.

रवि. ८ फेब्रु.

टेम्पो सकाळी लागला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वाळलेलेच, पण घालत होते. तिने वर बघितलं. मी म्हटलं, "मिक्सर हातात घे, टेम्पोत आपटेल."

ती म्हणाली, "घेतलाय."

एवढंच. टेम्पो गेला.

डिसेंबर तिच्याबरोबर गेला. मुद्दाम नेला की खोक्यात राहिला, देव जाणे. मं. म्हणते, "आई, मंडळाला दुसरी प्रत मागते." तन्वी म्हणते, शेवट एका मिनिटात सांगते. सर त्यांची प्रत द्यायला तयार, प्लास्टिकसकट. सगळ्यांना नको म्हटलं. माझं पुस्तक त्या चार भागांचं. बाकीच्यांचं दुसरं.

बुध. ११ फेब्रु.

सकाळी बेसन भाजलं. लाडू मऊ वळले. दातांचं निमित्त ठेवलं नाही.

तन्वीच्या कंपनीची बस सरोजच्या इमारतीवरून जाते. डबा तिच्या पिशवीत घातला, खाली मार्च ठेवला. तन्वी म्हणाली, "आजी, फोन कर ना सरळ!" म्हटलं, फोनवर लाडू जात नाहीत.

"मग सॉरी म्हणू का तुझ्याकडून?"

"अजिबात नाही. सांग, मार्च वाचलेला नसताना मत दिलंस. आणि तुझी बाई शेवटून तिसऱ्या पानावर आहे."

त्या बाईचं नाव इथे लिहीत नाही. सरोजने तिथेच वाचायचं. पान दुमडलंय. चिडेल. चिडू दे.

अंब्याने दार उघडलं की नाही, ते आता मला पाहिजे. तन्वीने सांगायचं नाही, मं.ने पुस्तकात डोकवायचं नाही, सरोजच्या लेकाने मेसेज टाकायचा नाही. उत्तर सरोजनेच द्यायचं. डबा आणि डिसेंबर घेऊन, इथे येऊन, चार वाजता.