फुलांसाठी पाडलेली भोकं

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. पण आज डोकं भणभणलंय, तुझ्याशिवाय कुणापुढे आदळआपट करू?

आमच्या भंगारवाड्यात आलेल्या विमानाच्या इंधनटाकीची आम्ही कामगारांनी होडी केली होती ना? (टाकी नीट धुऊन, उन्हात वाळवून मगच कापली, उगाच घाबरू नकोस.) नदीपलीकडच्या दवाखान्यात आम्ही त्याच होडीने जायचो.

मागे मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबाने ती ऑफिससमोर नेली, माती भरून फुलझाडं लावली आणि "टाकाऊतून टिकाऊ!" म्हणत फोटो काढून घेतले.

काल खानावळीच्या मावशी शेगडीपुढेच कोसळल्या, तोंड वाकडं झालं. आम्ही घाईघाईने माती उपसून होडी पाण्यात ढकलली, तर ती बुडायलाच लागली! झाडांचं पाणी निथळावं म्हणून साहेबाने तळाला भोकं पाडली होती. मावशींना हातगाडीवर घालून लांबच्या पुलावरून न्यावं लागलं. वाचल्या गं, पण उजवा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात."

आज सगळ्यांदेखत मी भोकं वेल्डिंगने बुजवली. साहेब ओरडला, "कुणाला विचारून?"

मी म्हणालो, "तुम्ही पाडताना कुणाला विचारलंत?"

कामावरून काढीन म्हणतोय. काढू दे! होडी पाण्यात आहे.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. विचारलंच, तर सांग, पोरगं नदीवर हवा खातंय.

तुझाच,
तापट भाऊ