घरचा मेंढा

ती. आण्णांस,
हैदराबादहून शिवकन्याचा नमस्कार.

मी बरी आहे, प्रयोगशाळेचं काम चालू आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही "रेंज न्हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते. मल्हारदादाकडून वाचून घ्या.

दादाच्या बाळाला सारखं रक्त चढवावं लागतं आणि तुम्ही सगळे वहिनीलाच बोल लावता. लई राग येतो मला. अंगातली पेशी हुकूम वाचत वाचत रक्ताचं प्रथिन विणते. त्या हुकमाची एक नक्कल आईकडून येते, एक बापाकडून. एक बिघडली तर दुसरी निभावून नेते. बाळाच्या दोन्ही बिघडल्यात. मध्येच "बास" असा हुकूम येतो. विणकराला अर्ध्यात थांबवलं तर घोंगडी पुरी कशी होणार? वहिनी दादाच्या मामाचीच पोर. एकाच घरातली बिघडलेली नक्कल दोघांकडंही उतरली. मग दोष एकट्या वहिनीचा कसा?

आणि आता धाकट्या बिरूची सोयरीकही वहिनीच्याच बहिणीशी! निदान दोघांचं रक्त आधी तपासा म्हटलं, तर म्हणता, "घरचीच पोर हाय, तिचं काय तपासायचं?"

आण्णा, कळपात घरचा मेंढा तुम्ही कधी ठेवत न्हाय. कोकरं दुबळी निपजतात म्हणून पार सोनारी गावाकडनं दुसरा आणता. हे मला कुठल्या कॉलेजानं न्हाय, तुम्हीच शिकवलंत.

बिरूला मेंढरांएवढं तरी जपा.

तुमच्यावर रुसलेली लेक,
शिवकन्या