पुढचा डबा, मागचा डबा

धुळे, मंगळवार, १९९९

पाय भरून आलेत, तरी लिहिते. नात मनीषाला कॉम्प्युटरच्या जावा भाषेत केलेलं काम उद्या खालच्या ऑफिसातल्या तिच्या साहेबांना दाखवायचंय. नाही जमलं तर तिचा बाप तिला, अन् तिच्या सोबतीला आलेल्या मलाही, एरंडोलला परत नेणार. आणि त्यात फोटो चढायला हवा, तर ते फोटो घेतच नाही! आठवडा झाला, पोर जेवत नाही धड, मी जागतेय तिच्यासोबत.

दमलेच होते, म्हणून भाजीत मागच्या सालचा मसाला पडला. यंदाचा डबा त्याच्या मागे होता. हात पुढच्याच डब्यावर जातो ना?

मनीषानं घास घेतला, तोंड वाकडं केलं. "आजी, हा जुना मसाला ना?" मग ताट सरकवलं. "माझंही हेच झालंय की! एकाच कामाच्या दोन फायली ठेवल्यात, नवी अन् जुनी. मशीन पुढची जुनीच उचलतंय."

"मग फेक की जुनी."

"दुसऱ्या कामाला लागते गं ती. नवी पुढे आणते."

उष्ट्या हातानं खालच्या ऑफिसात पळाली. भाकरी गार झाली. मग जिन्यातूनच ओरडली, "चढला फोटो! तुझाच टाकला!"

"बठ्ठं चांगलं शे, सगळं छान झालं, आता जेव," म्हटलं. डोळे पुसले.

जुना डबा मीही फेकला नाही, मागं सरकवला. सकाळी तिच्या बापाला फोन करायचाय. पोरगी इथंच राहील, अन् मीही.