सादळलेले पापड

चंद्रपूर, मे २००५, संध्याकाळ

मी सांगून राह्यली, सूनबाई लिहून राह्यली.

आज मनात एकच सलते, पापड. नातवाच्या खोलीत डबा उघडा राह्यला अन् पापड सादळले. चंद्रपुरात, ऐन मे महिन्यात. त्याच खोलीत त्याचा, विकासचा, सर्व्हर आहे. जंगलाजवळच्या मोहर्लीच्या साऱ्या लॉजवाल्यांच्या वेबसाइटी त्याच्यावर चालतात. सुट्ट्यांत गर्दी झाली की मशीन तापते, रांगते. म्हणून त्यानं पाण्याचा कूलर थेट तिच्या तोंडावर लावला. बॅकअप का काय म्हणतात, ती रोजची नक्कल काढणंही बंद केलं. त्यानं वेग कमी होते म्हणे.

"बापा, पापड सादळले तिथी लोखंडाचं काय होत असन?"

"आजी, मशीनले तळायचं नाई आपल्याले. पाह्य, कशी पळून राह्यली."

"तुह्या लग्नात हेच पापड वाढीन."

हसला. पण पापड काही डोक्यातून जात नाई. मशीनले हात लावून पाह्यला, तर ओलसर. साऱ्यांचं बुकिंग त्या एका डब्यात, दुसरं कुठीच नाई. विकास म्हणते, "गर्दी सरू दे, मग पाहू."

मघापासून खोलीत बारीक चरचर होऊन राह्यली. कूलरची आहे, म्हणते. मी आताच कूलर बंद करून आली.

चरचर चालूच आहे.