पाणीघंटाचे एक्केचाळीस बग

२ मार्च, सोमवार. सकाळी ७
पाडव्यापर्यंत ओपन बग, म्हणजे न मिटलेल्या तक्रारी, शून्य करणार. आज एक्केचाळीस. ‘पाणीघंटा’ हे अ‍ॅप मी बनवलं. व्हॉल्व्हवाला सुदाम बटण दाबतो, सापगावात घरोघरी फोन वाजतो: नळाला पाणी आलं. फुकट. कोड सगळ्यांना खुला. तरी तक्रारीच.
नियम: मी कोड दुरुस्त केला की बग क्लोज.

४ मार्च
मुरबाडची कुणाली टेस्टिंग बघते. तिचा वेगळाच नियम. नवं व्हर्जन फोनवर पोचावं, तक्रार करणाऱ्यानं ‘झालं’ म्हणावं, मगच क्लोज. मुरबाडात लोकांना टाइम फार.
चहा पिता पिता अकरा क्लोज केले. तीन खरोखर दुरुस्त होते. बाकीचे कसे करायचे ते मला माहीत आहे.

८ मार्च
अंगणवाडीच्या अनिताताईंची तक्रार: घंटा पाऊण तास उशिरा वाजते. एका ओळीची चूक. सुधारली. क्लोज. कुणालीनं ओपन केला. मी क्लोज. तिनं ओपन. सात वेळा. तिचं एकच पालुपद, व्हर्जन कुठंय?
व्हर्जन येईल.

११ मार्च
अनिताताईंनी पुन्हा लिहिलं, ‘प्रणितदादा, पाणी गेल्यावर वाजतंय. अंगणवाडीत पोरांच्या खिचडीला पाणी नाय. मग तुमी बंद काय केलं?’
फोन जुना असेल, असं सभ्यपणे कळवलं. कॉमेंट लॉक केल्या. बरं वाटलं.

१३ मार्च
नवं व्हर्जन सोडायचा पासवर्ड आठवत नाही. नोव्हेंबरपासून. हा बग नव्हे, म्हणून यादीत धरला नाही.

१५ मार्च, रविवार
कुणाली थेट घरी! सोबत सुदाम. मी बटण वेळेवर दाबतो न् बायका माज्यावर वराडतात, म्हणाला. त्याला प्रोसेस कळत नाही.
कुणालीनं पासवर्ड मागितला. सिक्युरिटीचं कारण सांगितलं. चहाचे कप ठेवता ठेवता बायको, सरिता, म्हणाली, ‘यांना आठवत नाय गो.’
सरिताशी बोलणं बंद. तिला अजून कळलेलं नाही.

१८ मार्च. सकाळी १०
शून्य! एक दिवस आधीच. स्क्रीनचा फोटो काढला. तीन दिवसांत एकही नवी तक्रार नाही. लोक समाधानी असले की असंच होतं.

१९ मार्च, पाडवा
सुटी, म्हणून या वेळी घरी होतो. सकाळी सव्वाआठला सरिताचा फोन वाजला, शेजारचा वाजला, सगळ्या आळीतले वाजले. माझा नाही. हंडे भरून झाल्यावर सरितानं सांगितलं, कुणालीनं आपला कोड उचलून नवं अ‍ॅप सोडलंय, गावानं सोमवारीच घेतलं. उचलला! खुला आहे म्हणून काय कुणीही उचलायचा?
माझा फोन नऊला वाजला. नळाखाली बादली धरून बघितली.
कुणालीच्या यादीत अनिताताईंचा बग सापडला. खाली ताईंनी लिहिलंय, ‘तीन दिवस वेळेवर वाजलं. आता बंद करा.’ त्यानंतर क्लोज.
दुपारी तिथं अकाउंट काढलं. क्लोजचं बटण कुठं दिसेना. कुणालीला विचारलं. म्हणाली, नवीन माणसाला फक्त तक्रार नोंदवता येते.